आठ लाखांत घरच्यांसाठी छोटी गाडी: गुडघे, घाट आणि जांभ्याचा चढ

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली. घरात पहिलीच गाडी येतेय त्यामुळे चुकायला नको असं वाटतंय.

राहायला साताऱ्यात. कामाला शिरवळ एमआयडीसीत जातो पण कंपनीची बस आहे, म्हणजे गाडी रोज नाही लागणार. लागणार ती बाबांना दवाखान्यात न्यायला, गावात किरकोळ कामाला आणि महिन्यातून एकदा गावी. गाव गुहागर तालुक्यात, म्हणजे उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा चढ, पावसात मधोमध नाळ पडते. महिन्याचं रनिंग सगळं धरून ६००-७०० किमी.

घरात आम्ही पाच. बाबा ७१ वर्षांचे, मागच्या वर्षी उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, डावाही दुखतोच. आई चार फूट दहा इंच. बायको, आणि पाच वर्षांची मुलगी. बजेट ऑन-रोड आठ लाख, त्यातले तीन कर्ज काढून. डोक्यात वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, पंच आणि ग्रँड आय१० निओस आहेत. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय, प्रत्येकाचं वेगळंच. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत आणि घाटात गाडी चालवतात त्यांनी सांगा.

मधलाफाटा
वॅगनआर पेट्रोल. दुसरा विचार करू नका. गुहागरपासून कुठल्याही फाट्यावर मेकॅनिक मिळेल.

अबोली
मी वयाच्या ४७ व्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले ते वॅगनआरवरच, म्हणून लिहिते. गाडी उंच आहे (१६७५ मिमी), त्यामुळे बसताना खाली वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही, खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता येतं. सासूबाई ८० च्या आहेत, मागे बसताना त्यांचं डोकं कधी आपटलं नाही. डिकी ३४१ लिटरची आहे आणि खोल आहे, पाच डझनाच्या आंब्याच्या पेट्या एकावर एक बसतात. रुंदीला मात्र गाडी कमी, मागे तीन मोठी माणसं म्हणजे मधल्याने अंग चोरून बसायचं. तुमच्याकडे मागे आई, सूनबाई आणि लेक बसणार असतील तर चालेल.

बेल्टलावा
अबोलीताई, बसायच्या सोयीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण घाटमाथा, घरात पाच वर्षांची मुलगी आहे आणि दर महिन्याला घाट आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) २०२३ मध्ये वॅगनआरची टेस्ट केली तेव्हा मोठ्या माणसांसाठी एक स्टार आणि मुलांसाठी शून्य आला. तेव्हाची गाडी दोन एअरबॅगची होती, आता सगळ्या मॉडेलना सहा मिळतात, हे खरं. पण त्या रिपोर्टात गाडीचा सांगाडाच अस्थिर म्हटलाय आणि एअरबॅग वाढवून सांगाडा बदलत नाही. ती टेस्ट ताशी ६४ किमी वेगाची आहे, म्हणजे उंब्रज-पाटण रस्त्यावर आपण रोज चालवतो तोच वेग. टियागोला २०२० मध्ये चार स्टार होते. पंचला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी चार. मारुतीच घ्यायची म्हणाल तर नवीन डिझायरला २०२४ मध्ये पाच स्टार मिळालेत.

आणि गाडी कुठलीही घ्या, मुलीला आजीच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसवू नका. एअरबॅग फुटते ती पापणी लवायच्या आत, आणि तिच्यासमोर मूल असलं तर काय होतं ते मी लिहीत नाही. मागे बूस्टर सीट, त्यावर बेल्ट. पाच-सात हजारांत येते. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम आपण घेतोच की, त्याच्या आधी ही घ्या.

मधलाफाटा
आम्ही १९९४ ला मारुती ८०० मधून सहा मोठी आणि तीन पोरं गणपतीपुळ्याला गेलो होतो आणि परत पण आलो. चालवणारा नीट असला की झालं.

बेल्टलावा
दादा, तुम्ही नीटच चालवत असणार, माझी शंका नाही. समोरून येणाऱ्या डंपरवाल्याची खात्री कोण देणार? माझा चुलतभाऊ स्वतःच्या बाजूने चालवत होता. मागे बसला होता त्याने बेल्ट लावला नव्हता. एवढंच.

मधलाफाटा
तुमच्या भावाचं वाईट वाटलं. बेल्टचं मान्य, मागच्यांना पण लावायला सांगेन.

नाना_कसबा
मारुती ८०० चा विषय निघाला म्हणून राहवत नाही. डिसेंबर १९८३ ला ती गाडी आली, किंमत पन्नास हजारांच्या आत होती. आमच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून नंबर लावला आणि गाडी हातात यायला तीन वर्षं लागली. त्याआधी आमच्या वाड्यात एकच चारचाकी होती, डॉक्टरांची पद्मिनी, आणि थंडीत ती सुरू करायला आम्हा पोरांना ढकलायला बोलवायचे. ८०० आल्यावर वडिलांनी पहिल्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रंग पांढरा. आई नऊवारीत पुढच्या सीटवर बसली, हात मांडीवर घट्ट धरून, आणि तळ्यातल्या गणपतीपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

तेव्हा निवड करायचा प्रश्नच नव्हता. आता पाचपंचवीस गाड्या समोर आहेत आणि सगळ्यांची लांबी ४ मीटरच्या आत का, असं नातवाने विचारलं. त्याचं उत्तर २००६ च्या बजेटात आहे. ४ मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत, हिला कर कमी लावला. म्हणून कंपन्यांनी डिक्या कापून गाड्या ३९९५ मिमीत बसवल्या. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्याच गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, वरचा सेसही गेला. घाटमाथा, तुमचे आठ लाख दोन वर्षांपूर्वीपेक्षा आज जास्त लांब जातील.

अबोली
नाना, आईंचं वाचून अंगावर काटा आला.

हिशेबी
सीएनजीबद्दल कोणी लिहिलं नाही, पण शोरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांत तोच विषय काढतील, म्हणून आकडेमोड इथेच करून ठेवतो.

सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा साधारण ९५ हजारांनी महाग धरा. पेट्रोल १०४ रुपये, प्रत्यक्षात १८ चा अॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ७८ पैसे. सीएनजी ९० रुपये किलो, प्रत्यक्षात २६, म्हणजे ३ रुपये ४६ पैसे. कंपनीचा वॅगनआर सीएनजीचा आकडा ३४ आहे पण घाट, एसी आणि पाच माणसं धरून मी २६ च पकडतो. फरक २ रुपये ३२ पैसे. ९५ हजार भागिले २.३२, झाले जवळपास ४१ हजार किमी. तुमचं रनिंग महिन्याला ७०० म्हटलं तरी वर्षाला ८४०० होतं, म्हणजे जादा दिलेले पैसे वसूल व्हायलाच पाच वर्षं जाणार. महिन्याला १५०० किमी असतं तर सव्वादोन वर्षांत सुटले असते आणि मी डोळे झाकून सीएनजी सांगितली असती.

शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी), घाटात पिकअप थोडा कमी, आणि पंपावरची रांग. सिलिंडर डिकीत बसतो तेव्हा बॅगा मांडीवर घ्यायची वेळ येते. टाटाने एकाऐवजी दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी वाचवलीये, ते खरंच चांगलं काम आहे. तरी तुमच्यासाठी माझं मत साधं पेट्रोल.

शेवगा
आणि डिझेल?

हिशेबी
२०२० ला बीएस६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला तेव्हा छोट्या डिझेल गाड्या बहुतेकांनी बंदच केल्या. महिन्याला ७०० किमीला ते परवडणारही नाही, फिल्टरमधली काजळी जळून साफ व्हायला सलग लांब पल्ला लागतो.

इथेनॉल_शंका
पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय त्याचं काय? माझी २०१५ ची गाडी आहे, अॅव्हरेज कमी झाल्यासारखा वाटतो.

हिशेबी
वाटतो म्हणजे होणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे सहा-सात टक्के घट गणितातूनच निघते. नवीन गाड्यांचे पाइप, रबर, सील ई२० साठीच बनवलेले असतात. तुमच्या जुन्या गाडीचे रबरी पाइप पुढच्या सर्व्हिसिंगला बघून घ्यायला सांगा.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणचा. घाटमाथा, तुम्ही आमच्या दारावरूनच जाणार म्हणून दोन गोष्टी सांगतो. अजून कोणी लिहिलं नाही पण कोणीतरी जुनी गाडी घ्यायला सांगेलच, म्हणून आधीच लिहितोय.

२२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा माझी गाडी बाजारपेठेत चुलत्यांच्या दुकानासमोर होती. दुपारी वरच्या मजल्यावरून बघितलं तर टपावरचा अँटेना तेवढा दिसत होता. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सीटवर चार बोटं चिखल, डॅशबोर्डच्या आत मासा. विमा होता पण इंजिनचं संरक्षण देणारं अॅड-ऑन नव्हतं, सर्व्हेअरने सहा आठवडे फिरवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांची तीच रड होती. माझ्या शेजाऱ्याने तर पाणी उतरल्या उतरल्या किल्ली फिरवली, सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकले आणि मग क्लेमच्या वेळी त्यावरूनच वाद. पाण्यात गेलेली गाडी सुरू करायची नाही, बॅटरीची वायर काढायची आणि टो करून न्यायची. विमा घेताना झिरो डेप (क्लेममध्ये पार्टांचा घसारा कापत नाहीत ते) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्या, कोकणात गाडी नेणाऱ्याने तर नक्कीच.

आता जुन्या गाडीचं. त्या पुरातल्या, आणि २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरातल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. ओळखायचं कसं, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बाहेर काढायचा. वरचा दोन फूट धुतलेला असतो, आतला शेवटचा वीतभर पट्टा कोणी धुवत नाही, तिथे मातीची रेघ दिसते. मग स्टेपनी उचलून त्याखाली हात फिरवायचा, आणि सीटच्या रुळाला गंज आहे का ते बॅटरी मारून बघायचं. टायरवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. गाडी ३० हजार किमी चाललीये म्हणतात आणि चारही टायर नवे, तर विचारा का.

घाटमाथा
बापरे वाशिष्ठीकाठ, दादा वाचून कसंतरी झालं. आम्ही त्या वेळी गावी होतो, चार दिवस कोणाचा फोन लागत नव्हता. जुन्या गाडीचा विचार घरात झाला होता, बाबा नको म्हणाले. विम्याचं लिहून ठेवलं.

हिशेबी, तुमच्यामुळे सीएनजीचा विषय मिटला, मनापासून आभार. बेल्टलावा, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. तिने वॅगनआरवर काट मारली. आई म्हणते वॅगनआरच पाहिजे कारण शेजारच्यांच्या गाडीत तिला चढता येतं. सध्या असं आहे.

लालमाती
म्हापशाहून लिहितोय. आमच्या वाड्यावरही असाच जांभ्याचा चढ आहे. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा कागदावरचा नुसता वाचू नका, तो रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी मागून दोन-तीन बोटं बसते आणि नाळेच्या कडेला आडवं जाताना पोट घासतं. स्विफ्ट १६३ मिमी, वॅगनआर १६५, टियागो १७० च्या आसपास, पंच १८७. पहिल्या तिघांत फरक फारसा नाही, चौथ्यात कळतो. वॅगनआरने चढता येत नाही असं नाही, आमच्याकडे शेजारी रोज चढवतात, पण एक चाक नाळेच्या कडेवर आणि एक मधल्या उंचवट्यावर असं धरून न्यावं लागतं आणि पावसाळ्यात दोघांना उतरवावं लागतं. तुमच्या बाबांना तिथे चिखलात उतरवणार का, हे बघा.

डबलक्लच
लालमाती +१. आणि फर्स्टवर चढा, हाफ क्लच धरून राहू नका, क्लच प्लेट जळाली की तो वास आठवडाभर जात नाही.

अबोली
तोच चढ एएमटीवर कसा जातो? माझी आता एएमटी आहे पण कच्च्या चढावर नेली नाहीये कधी.

डबलक्लच
ताई, एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन दाबतं. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओत पहिल्यांदा आली. शहरात वरदान आहे, घाटात डी वर ठेवली तर वळणावर नेमका वरचा गिअर टाकते आणि गाडी दम सोडते. लिव्हर एम वर घ्यायचा, कुंभार्लीत दुसऱ्यावर ठेवायचा आणि उतरतानाही दुसऱ्यावरच, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. कच्च्या चढावर थांबून निघताना हिल होल्ड असेल तर ठीक, नसेल तर हँडब्रेक लावून निघा, नाहीतर वीतभर मागे येते. ती मागे आली की घाबरून अॅक्सिलेटर दाबू नका, एवढं सांभाळा.

अबोली
धन्यवाद, एम वर कधी घेतलाच नव्हता मी. रविवारी पसरणी घाटात करून बघते.

नर्मदाकिनारी
इंदूरहून. गुडघ्याबद्दल लिहितो कारण माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत आणि तेव्हा मी हा सगळा अभ्यास केला होता.

फिजिओथेरपीच्या ताईंनी आम्हाला गाडीत बसायचं असं शिकवलं. पाठ गाडीकडे करून मागे सरकायचं, सीटची कड मांडीच्या मागे लागली की एक हात दाराच्या चौकटीवर आणि एक सीटवर टेकवून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. एक पाय आत टाकून बसायला गेलं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की फिरायला सोपं जातं, बसल्यावर ओढून काढायची.

हे करायचं तर दोन गोष्टी लागतात. सीट बाबांच्या गुडघ्याच्या थोडी वरच हवी, खाली असली की उठताना सगळा जोर गुडघ्यावर. आणि दार पुरेसं उघडलं पाहिजे. पंचची दारं ९० अंशात उघडतात, ती सोय मोठी आहे. तुमची आई बुटकी आहे, तिला मात्र उंच सीट म्हणजे चढणं. आमच्याकडे मावशीचा तोच प्रश्न होता. आम्ही घरातला एक जाड पाट सुतळी बांधून गाडीत ठेवला. पाट खाली टाकायचा, त्यावर पाय देऊन चढायचं आणि सुतळीने वर ओढून घ्यायचा. चार वर्षं झाली, अजून तोच पाट आहे.

एकच विनंती, आईबाबांना शोरूममध्ये घेऊन जा. टेस्ट ड्राइव्ह तुम्ही घ्या पण त्यांना मागे आणि पुढे, दोन्हीकडे तीन-तीन वेळा बसवून उठवून बघा. पहिल्यांदा सगळे नीट बसतात, तिसऱ्यांदा खरं कळतं.

नाना_कसबा
पाटाची युक्ती फार आवडली. आजच करून घेतो.

चार्जिंगला_लावतो
इलेक्ट्रिकचा विचार केलात का? टियागो ईव्ही २०२२ पासून आहे, महिन्याला ७०० किमी असेल तर विजेचा खर्च अगदी कमी.

घाटमाथा
केला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला मीटरची वायर न्यायला सोसायटी तयार नाही आणि गुहागरची जाऊन-येऊन ३४० किमीची फेरी आहे. पुढची गाडी नक्की.

पावतीपुस्तक
कोटेशन घ्याल तेव्हा प्रत्येक ओळ लेखी मागा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्स ११ टक्के, म्हणजे सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. तो टळत नाही. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, तोही ठीक. पण बाकीचा विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असं नाही. मी बाहेरून घेतला तर त्याच कव्हरला बारा हजारांचा फरक पडला, आणि डीलरला सांगितल्यावर त्याने स्वतःच उतरवून दिला.

माझ्या कोटेशनमध्ये 'हँडलिंग' म्हणून साडेसात हजार होते. कशाचे विचारलं तर सेल्समन म्हणाला सगळेच देतात. मी म्हटलं पावतीवर लिहून द्या कशाचे आहेत, तर ओळच निघाली. आवाज चढवावा लागला नाही. अॅक्सेसरीजचं पॅकेजही तसंच, मडफ्लॅप आणि मॅट घ्या, बाकी नंतर बघता येतं.

पैसे पूर्ण भरायच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. चॅसी नंबर लिहून घ्या आणि ती कुठल्या महिन्यातली आहे ते विचारा. पासिंग झाल्यावर गाडीत काही निघालं तर परत करता येत नाही.

शेवगा
निओसबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. माझ्याकडे तीन वर्षं आहे, चार सिलिंडरचं १.२ इंजिन आहे, लोण्यासारखं चालतं, कंपन नाही. डिकी २६० लिटर, चौघांना पुरते. पाच जण आणि गावचं सामान म्हटलं तर मी पण दुसरी बघेन.

मधलाफाटा
मग ठरलं काय शेवटी? तीन आठवडे झाले.

घाटमाथा
माफ करा, गावी होतो, नेटवर्क नव्हतं. सगळं सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी घरचं समजून सांगितलंत.

नर्मदाकिनारी यांनी सांगितलं तसं आईबाबांना घेऊन दोन रविवार फिरलो. स्विफ्ट चालवायला मला सगळ्यात आवडली, हातात हलकी, पण बाबांना खाली बसावं लागत होतं, तिसऱ्यांदा उठताना त्यांनी माझा दंड धरला. तिथेच ती यादीतून गेली. टियागोत बसणं बरं होतं. वॅगनआरमध्ये दोघंही काही न सांगता सरळ बसली, अबोलीताईंनी लिहिलं होतं अगदी तसं. आई तर उतरेचना.

पंचमध्ये बाबा पाठ करून बसले, दार पूर्ण उघडल्यामुळे पाय आत घ्यायला जागा मिळाली. तीनही वेळा कोणाला न धरता उठले. आईला मात्र चढताना वरचं हँडल पकडून लोंबकळावं लागलं, ती चिडली, म्हणाली मला उचलून ठेवा आता पोत्यासारखी. बायको एकीकडे, आई एकीकडे, घरी येईपर्यंत कोणी बोलेना.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं की स्टार-स्टार काय म्हणताय तुम्ही. बेल्टलावा, तुमची पहिली पोस्ट त्यांना वाचून दाखवली. सांगाडा, ६४ चा वेग, सगळं. ऐकून झाल्यावर आईकडे बघून म्हणाले, "पोरगी मागे तुझ्या शेजारी बसणार आहे." आई ताट घेऊन उठली आणि आतून म्हणाली, पाटाचं काय ते वाचून दाखव परत.

दुसऱ्या रविवारी घरातला पाट पिशवीत घालून शोरूमला गेलो. सेल्समन आधी बघतच राहिला, मग स्वतः खाली बसून पाट सरळ लावून दिला. आई त्यावर पाय देऊन चढली, उतरली, परत चढली. पाट फरशीवर थोडा सरकला तेवढंच.

पंच पेट्रोल मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट बुक केलंय. पावतीपुस्तक, तुमची युक्ती चालली, दोन ओळी निघाल्या. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घेतलं. बूस्टर सीट मुलीने पसंत केली, घरात खुर्चीवर ठेवून त्यातच जेवते सध्या. गाडी पुढच्या शुक्रवारी मिळेल, यार्डात जाऊन बघून आलो, चॅसी नंबर लिहून घेतलाय.

अबोली
खूप छान. माझी वॅगनआर हरली तरी वाईट वाटत नाहीये, आईंचं ऐकून. अभिनंदन!

बेल्टलावा
काय लिहू सुचत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

लालमाती
अभिनंदन. पहिल्या पावसात तो चढ चढलात की इथे कळवा.

नर्मदाकिनारी
पाट फरशीवर सरकला म्हणालात ते नीट करून घ्या. ओल्या जांभ्यावर तर फारच सरकेल.

घाटमाथा
केलं. गावी गेलो होतो ते त्यासाठीच. आमच्या सुताराने फणसाच्या फळीचा नवीन पाट करून दिला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेत आणि एका कडेला भोक पाडून दोरी ओवली. मागच्या दारी ओल्या जांभ्यावर टाकून बघितला, हलला नाही.

नाना_कसबा
उंची किती ठेवलीत? मला तसाच करायचाय.

घाटमाथा
पाच इंच, नाना. सहाचा केला होता, आईने एकदा चढून बघितलं आणि एक इंच तासायला लावला.